भाड्याच्या घरातला स्मोक अलार्म : इंग्लंडमध्ये मालकाने काय करायचे आणि भाडेकरूने काय

घराच्या किल्ल्या हातात पडण्याचा दिवस धांदलीचा असतो. सामानाची व्हॅन बाहेर खोळंबलेली असते, लेटिंग एजंटाला पुढच्या घरी पोहोचायचे असते आणि तो इन्व्हेंटरीची, म्हणजे घरातील वस्तूंच्या व त्यांच्या स्थितीच्या यादीची, वीस-पंचवीस पाने सहीसाठी पुढे करतो. त्या पानांत कुठेतरी एक ओळ असते: ‘अलार्म तपासले, चालू आहेत.’ माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात मी त्या ओळीखाली मुकाट्याने सही केली, आणि छतावरच्या त्या पांढऱ्या चकतीत सेलच नाही, हे तीन आठवड्यांनी पडदे लावायला स्टुलावर चढलो तेव्हा कळले. चूक एजंटाची होती, पण कागदावरची सही माझी होती.

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांतील स्मोक अलार्म आणि कार्बन मोनॉक्साईड (इंधन अर्धवट जळल्याने तयार होणारा विषारी वायू) अलार्म यांच्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. ते १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाले आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून त्यांत महत्त्वाची सुधारणा झाली. (स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम निराळे आहेत, त्यांच्याविषयी पुढे सांगतो.) अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची सवय घेऊन महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे सगळे नवखे वाटते, कारण आपल्याकडे घर भाड्याने घेताना पाणी किती वाजता येते हे आवर्जून विचारतात, पण छताकडे मान वर करून कोणी पाहत नाही. इंग्लंडच्या नियमांप्रमाणे अलार्म बसवणे हे मालकाचे काम आहे, भाडेकरार सुरू होण्याच्या दिवशी तो चालतो याची खात्री करणे हेही मालकाचे काम आहे, आणि बिघाड कळवल्यावर तो दुरुस्त करणे किंवा बदलून देणे हेसुद्धा त्याचेच काम आहे. मात्र मधल्या काळात त्याने दर महिन्याला येऊन बटण दाबून पाहावे असे हे नियम म्हणत नाहीत. त्या काळात अलार्मवर नजर ठेवणारे तुम्हीच असता, आणि तुम्ही कळवले नाही तर दुरुस्तीचे त्याचे कर्तव्य सुरूच होत नाही. बहुतेक भांडणे याच एका ठिकाणी अडतात: भाडेकरू म्हणतो ‘मी सांगितले होते’, मालक म्हणतो ‘मला कोणी सांगितले नाही’, आणि दोघांकडेही कागद नसतो.

घरात किती अलार्म हवेत

ज्या मजल्यावर राहण्यासाठी वापरली जाणारी निदान एक खोली आहे, अशा प्रत्येक मजल्यावर किमान एक स्मोक अलार्म असला पाहिजे. ‘खोली’ हा शब्द येथे ऐसपैस अर्थाने घेतला आहे. न्हाणीघर आणि संडास राहण्याच्या जागेत धरले जातात, आणि बोळ किंवा जिन्याच्या माथ्यावरची मोकळी जागाही खोलीत मोजली जाते. म्हणजे खाली बैठकीची खोली व स्वयंपाकघर, वर दोन झोपण्याच्या खोल्या आणि त्यावर माळा बांधून काढून केलेली आणखी एक खोली, असे लंडनच्या उपनगरांत नेहमी दिसणारे घर तुम्ही घेतले असेल, तर तेथे तीन स्मोक अलार्म हवेत. पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटला एक पुरतो, पण तो तुमच्या दाराच्या आत असावा लागतो. इमारतीच्या सामाईक व्हरांड्यात लावलेला अलार्म तुमच्या घराच्या हिशेबात धरू नका.

अलार्म घरच्या विजेवर चालणारा असावा की सेलवर, हे नियमांनी ठरवून दिलेले नाही. सेलवरचा घ्यायचा असेल तर अलार्मच्या आयुष्यभर पुरणाऱ्या बंदिस्त सेलचा घ्यावा, असे सरकारी मार्गदर्शनात सुचवले आहे, आणि ते शहाणपणाचे आहे, कारण जो सेल काढताच येत नाही तो टीव्हीच्या रिमोटमध्ये जाऊन बसत नाही आणि कुणाला वैतागाने उपटताही येत नाही. जागेबद्दलही नियम काटेकोर मोजमाप देत नाहीत. साधारणपणे स्मोक अलार्म छतावर, बोळात किंवा जिन्याच्या माथ्यावर, म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाची बाहेर पडण्याची जी वाट असते त्या वाटेवर लावतात. स्वयंपाकघराच्या छतावर कधी कधी त्याच्यासारखाच दिसणारा हीट अलार्म असतो. तो धुराने नव्हे तर वाढत्या तापमानाने वाजतो, आणि तो कितीही उपयुक्त असला तरी स्मोक अलार्मऐवजी चालत नाही.

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म मजल्यावर नव्हे, खोलीवर अवलंबून असतो. राहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ज्या खोलीत इंधन जाळणारे, पक्के बसवलेले उपकरण आहे, त्या खोलीत तो हवा. गॅसचा बॉयलर (घर आणि पाणी तापवणारे यंत्र), तेलावरचा बॉयलर, भिंतीतली गॅस फायर, लाकडाची किंवा कोळशाची बंद शेगडी ही सगळी त्यात येतात. स्वयंपाकाची गॅसची शेगडी मात्र वगळलेली आहे. २०२२ पूर्वी ही सक्ती फक्त लाकूड-कोळशासारखे घन इंधन जाळणाऱ्या उपकरणांपुरती होती आणि नियम फक्त खासगी मालकांना लागू होते. सुधारणेनंतर गॅसचे आणि तेलाचे बॉयलरही आत आले, आणि कौन्सिल (म्हणजे तेथील नगरपालिका) व हाउसिंग असोसिएशन (कमी भाड्याची घरे देणाऱ्या संस्था) हे सामाजिक मालकही. एखाद्या जुन्या मालकाने २०१५ साली सगळे नीट केले आणि २०२२ चा बदल त्याच्या लक्षातच आला नाही, असे सहज होऊ शकते. तेव्हा बॉयलर ज्या कपाटात दडलेला आहे ते कपाट उघडा आणि त्या खोलीत अलार्म आहे का ते पाहा. हा अलार्म छताला चिकटवलेला नसला तरी काही चुकले असे समजू नका. तो सामान्यतः डोक्याच्या उंचीवर, भिंतीवर किंवा फळीवर, उपकरणापासून एक ते तीन मीटर अंतरावर ठेवतात. घरात सारे काही विजेवर चालत असेल तर नियमांप्रमाणे या अलार्मची गरज नाही.

हे नियम ज्याला ‘मालक’ म्हणतात तो तुमचा थेट मालक असतो, म्हणजे ज्याच्याशी तुमचा भाडेकरार आहे तो. मधल्या एखाद्या व्यावसायिकाने अख्खे घर भाड्याने घेऊन तुम्हाला पुढे दिले असेल, तर जबाबदारी त्याची आहे; मूळ मालकाकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही. एजंट नेमल्यानेही मालकाची जबाबदारी एजंटावर ढकलली जात नाही. येथे घर घेऊन ते भाड्याने देणारे मराठी लोकही आता कमी नाहीत, आणि ‘एजंट सगळे बघतो’ हे वाक्य त्यांच्या तोंडी मी अनेकदा ऐकले आहे. एजंट बघत असेलही. दंडाची नोटीस मालकाच्याच नावाने येते.

पहिल्या दिवशी

नवा भाडेकरार ज्या दिवशी सुरू होतो त्याच दिवशी प्रत्येक अलार्म चालू स्थितीत आहे हे मालकाने किंवा त्याच्या वतीने कोणीतरी तपासले पाहिजे, असे नियम सांगतात. तुम्ही सामान घेऊन प्रत्यक्ष राहायला केव्हा येता याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याच घराचा त्याच भाडेकरूशी पुन्हा करार केला तर तो या कामापुरता नवा धरला जात नाही, आणि १ मे २०२६ पासून खासगी भाडेकरार ठरावीक मुदतीचे न राहता महिन्यामागून महिना चालू राहतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की, तुम्ही त्या घरात सहा वर्षे राहिलात तरी मालकाने आपणहून अलार्म तपासण्याची कायदेशीर सक्ती असलेला दिवस एकच असतो. तो हातचा जाऊ देऊ नये.

म्हणून एजंट दारात असतानाच, सही करण्यापूर्वी, ‘जरा बटण दाबून दाखवा’ असे सांगावे. यात भीड वाटण्यासारखे काही नाही. ते त्याचे कामच आहे आणि चांगला एजंट तुम्ही सांगायच्या आधीच ते करतो. छत उंच असेल तर झाडूच्या दांड्याचे टोक बटणावर टेकवून काही सेकंद दाबून धरतात. आवाज कानठळ्या बसवणारा असतो, तेव्हा घरात लहान मूल असेल तर त्याला आधी सांगून ठेवा. विजेवर चालणारे आणि एकमेकांना जोडलेले अलार्म असतील तर एकाचे बटण दाबल्यावर सगळे वाजले पाहिजेत. तसे असल्यास एकाने खाली बटण दाबावे आणि दुसऱ्याने वरच्या मजल्यावर उभे राहून ऐकावे. उदबत्ती किंवा आगकाडी अलार्मखाली धरून परीक्षा घेण्याचा मोह टाळा. त्यासाठीच बटण दिलेले आहे.

आता अलार्मची कड पाहा. बहुतेक अलार्मवर ‘अमुक सालापर्यंत बदला’ असे छापलेले असते. स्मोक अलार्मचे आयुष्य सामान्यतः दहा वर्षांचे असते आणि कार्बन मोनॉक्साईडच्या अलार्मचे पुष्कळदा त्याहून कमी. बटण दाबल्यावर अलार्म वाजतो याचा अर्थ सेल आणि भोंगा ठीक आहेत एवढाच असतो. आतला संवेदक जुना होऊन मंदावलेला असू शकतो आणि ते आवाजावरून कळत नाही. ती तारीख, अलार्मची जागा आणि त्या दिवसाची तारीख दिसेल असा मोबाईलवर एकेक फोटो काढा. कोणता अलार्म वाजला आणि कोणता वाजला नाही हे इन्व्हेंटरीवर स्वतःच्या हाताने लिहा आणि मगच सही करा. एजंटाने किल्ल्या पेटीतून घ्यायला सांगितले आणि दारात कोणीच नसले, तर हेच सगळे स्वतः करून त्याच दिवशी ई-मेलने पाठवा.

हात घातलाच आहे तर आणखी दोन कागद मागून घ्यावेत. गॅस असलेल्या घरात दर वर्षी नोंदणीकृत गॅस इंजिनिअरकडून तपासणी करून घेणे मालकावर बंधनकारक आहे आणि तिचा दाखला तुम्ही राहायला येण्यापूर्वी मिळायला हवा. घरातील वायरिंगची तपासणी सामान्यतः निदान पाच वर्षांतून एकदा व्हावी लागते आणि तिचा अहवालही नव्या भाडेकरूला द्यावा लागतो. अलार्म आग लागल्यावर ओरडतो. हे दोन कागद आग लागू नये यासाठी असतात.

मधल्या महिन्यांत

सरकारी मार्गदर्शन भाडेकरूंना अलार्म नियमितपणे तपासायला सांगते, आणि महिन्यातून एकदा हा चांगला पायंडा आहे. भाडे ज्या तारखेला जाते त्याच तारखेला बटण दाबायचे, अशी मी सवय लावून घेतली, कारण ती तारीख विसरणे कोणालाच परवडत नाही. वर्षातून दोन-तीनदा व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने अलार्मच्या फटींवरची धूळ काढावी. त्याला रंग लागू देऊ नये.

सेल संपत आला की अलार्म पूर्ण वाजत नाही. साधारण मिनिटामिनिटाने एकदाच ‘टिव’ करतो. हा आवाज बहुधा रात्री तीन वाजताच सुरू होतो, आणि त्यात दैवाचा काही भाग नाही: पहाटेकडे घर गार पडते, थंडीत सेलचा दाब आणखी थोडा उतरतो आणि दिवसभर कसाबसा तग धरून असलेला सेल तेव्हा मान टाकतो. आवाज इतका तोकडा असतो की तो कुठून येतो हे कळत नाही. अशा वेळी घरभर धावण्यापेक्षा एकेका अलार्मखाली दोन-दोन मिनिटे स्वस्थ उभे राहावे. आमच्या घरी एकदा छतावरचे दोन्ही अलार्म असे ऐकून झाले, दोघेही निर्दोष निघाले, आणि गुन्हेगार सापडला तो बॉयलरच्या कपाटात इस्त्रीच्या टेबलामागे पडलेला, मागच्या कुठल्या तरी भाडेकरूने सोडून दिलेला जुना कार्बन मोनॉक्साईड अलार्म.

सेल कोणी बदलायचा, हा नेहमीचा प्रश्न आहे. करार सुरू होण्याच्या दिवशी चालू सेल असणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्यानंतर सेल संपला तर तो भाडेकरूने बदलावा, असे सरकारी मार्गदर्शनात म्हटले आहे. पुष्कळ अलार्मना जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये लागे तो चौकोनी नऊ व्होल्टचा सेल लागतो. नवा सेल घालूनही अलार्म चालला नाही, किंवा वय, आजार, छताची उंची अशा कारणाने तुम्हाला सेल बदलता येत नसेल, तर मालकाला कळवावे. तेथून पुढची जबाबदारी त्याची. नवा सेल घालूनही ‘टिव’ थांबत नसेल तर बहुधा अलार्मचेच आयुष्य संपलेले असते. विजेवर चालणाऱ्या अलार्मच्या आतील वायरिंगला हात लावू नये. त्याच्यावरचा हिरवा दिवा विजेचा पुरवठा असल्याची खूण आहे आणि तो विझला असेल तर तेही कळवण्यासारखेच आहे.

कळवावे ते लिहून. फोनवर बोलणे झाले तरी त्यामागोमाग ई-मेल किंवा निदान संदेश पाठवावा, कारण नियमांप्रमाणे बिघाड कळवला गेल्यावर आणि तो खरा असल्याचे दिसल्यावर मालकाने व्यवहारतः शक्य तितक्या लवकर दुरुस्ती करायची असते, आणि कधी कळवले हेच सिद्ध करता आले नाही तर ‘लवकर’ कशापासून मोजणार? पत्र इंग्रजीत लिहावे लागेल, पण लांबलचक लिहू नये. मजकूर असा असावा: ‘वरच्या मजल्यावर जिन्याजवळ असलेला स्मोक अलार्म आज, ३ तारखेला, बटण दाबल्यावर वाजला नाही. मी नवा सेल घालून पाहिला, तरी वाजत नाही. त्यावरील बदलण्याची मुदत मागच्या वर्षीच संपलेली आहे. फोटो जोडला आहे. कृपया तो बदलून द्यावा. गुरुवारी आणि शनिवारी दिवसभर घरी कोणीतरी असेल.’ शेवटचे वाक्य गाळू नका. मालकाने प्रयत्न केला, पण भाडेकरूने दारच उघडले नाही, असे झाले तर कोर्टात न जाता करण्यासारखे सगळे वाजवी प्रयत्न आपण केले हे दाखवून तो सुटू शकतो. घराची पाहणी करायला येण्यासाठी त्याने निदान २४ तास आधी लेखी कळवून वाजवी वेळी यावे हा कायदा आहे, पण अलार्मसारख्या कामाला त्याच दिवशी येतो म्हणाला तर अडवून धरण्यात तुमचाच तोटा आहे.

फोडणी, धूप आणि शॉवर कॅप

मराठी घरांत अलार्मचे खरे वैर आगीशी नसते, फोडणीशी असते. तेल चांगले तापवून मोहरी तडतडवणे, ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर परतणे, भाकरी थेट आचेवर फुगवणे, यातले काहीही एका छोट्या, बैठकीच्या खोलीला जोडलेल्या उघड्या स्वयंपाकघरात केले की अलार्म किंचाळतो. येथील पुष्कळ फ्लॅटमध्ये शेगडीवर असलेली चिमणी हवा बाहेर टाकतच नाही. ती गाळणीतून ओढून पुन्हा त्याच खोलीत सोडते. चिमणी चालू करून तिच्या वरच्या बाजूला हात धरा. तेथे वारा लागला तर तुमची चिमणी त्या जातीची आहे, आणि ठसका घालवण्यासाठी तिच्यावर विसंबून उपयोग नाही. खिडकी उघडायला हवी. स्वयंपाकघराला दार असेल तर फोडणीच्या वेळी ते बंद ठेवा, आणि ते आपोआप मिटणारे जाड दार असेल तर त्याला पाचर लावून उघडे ठेवू नका, कारण आग अडवण्यासाठीच ते तसे बसवलेले असते.

यावर लोक काढतात तो तोडगा मी विद्यार्थ्यांच्या एका सामाईक घरात पाहिला. बोळातल्या अलार्मवर हॉटेलातून आणलेली प्लास्टिकची शॉवर कॅप ताणून बसवली होती आणि ती निसटू नये म्हणून वरून केसांचा रबर गुंडाळला होता. सहा मुले त्या बोळाच्या दोन्ही बाजूंना झोपत होती. कॅपवर धूळ साचलेली होती, म्हणजे ती कालची नव्हती. अलार्म झाकणे, सेल काढून ठेवणे किंवा अलार्मच उतरवून खणात टाकणे, या तिन्ही गोष्टींनी मालकाची जबाबदारी तुम्ही स्वतःच्या डोक्यावर ओढून घेता. त्याने पहिल्या दिवशी चालू अलार्म दिला होता, आणि तो बंद केला तुम्ही. उतरवताना तो मोडला तर त्याची भरपाई अनामतीतून मागितली जाऊ शकते.

रीतसर उपाय आहे, आणि तो कळवण्याचाच आहे. अलार्म वारंवार विनाकारण वाजत असेल तर मालकाला तसे लिहा आणि दोन गोष्टी सुचवा. पहिली, अलार्म स्वयंपाकघराच्या दारापासून दूर, पण त्याच मजल्यावर आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर हलवावा. दुसरी, जुना आयनीकरण पद्धतीचा अलार्म असेल तर त्याच्या जागी ऑप्टिकल अलार्म लावावा. आयनीकरणाच्या अलार्ममध्ये अमेरिशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अगदी सूक्ष्म अंश असतो आणि त्याच्या पाठीवर किरणोत्साराचे तीन पात्यांचे चिन्ह असते. तो तळणीच्या बारीक कणांना फार चटकन भडकतो. ऑप्टिकल अलार्म प्रकाशाच्या किरणाने धूर हेरतो आणि फोडणीला त्यामानाने कमी दचकतो, मात्र न्हाणीघरातून लोटणारी वाफ त्यालाही चालत नाही. काही अलार्मवर थोडा वेळ गप्प बसवण्याचे बटण असते. ते दाबल्यावर अलार्म काही मिनिटांनी आपोआप पूर्ववत होतो, तेव्हा ते खुशाल वापरावे. देवघराचेही भान ठेवावे: निरांजनाने सहसा काही होत नाही, पण धूप, गुग्गुळ आणि आरतीचा कापूर यांचा धूर दाट असतो, म्हणून गणपती बसवताना मखराची जागा ठरवण्याआधी एकदा छताकडे पाहून घ्यावे.

मालकाने दाद दिली नाही तर

लेखी कळवून, आठवण करूनही मालक हलत नसेल तर तुमच्या स्थानिक कौन्सिलकडे जावे. खासगी भाड्याच्या घरांचे काम पाहणारा किंवा पर्यावरण आरोग्याचा विभाग ही तक्रार घेतो. मालकाने नियम मोडला आहे असे मानण्यास वाजवी कारण दिसले की कौन्सिलने २१ दिवसांच्या आत त्याला सुधारणेची नोटीस द्यायची असते. कौन्सिलला वाटले तर देईल, असा हा मामला नाही. ते तिचे कर्तव्य आहे. काय करायचे ते नोटिशीत लिहिलेले असते आणि मालकाला ते २८ दिवसांत पुरे करावे लागते, किंवा त्याच मुदतीत लेखी हरकत घ्यावी लागते. तरीही काम झाले नाही तर तुमच्या संमतीने कौन्सिल स्वतः माणूस पाठवून अलार्म बसवून देते आणि मालकाला ५,००० पौंडांपर्यंत दंड करू शकते. दंडाची रक्कम कौन्सिलला मिळते, भाडेकरूला नव्हे. कुणी नुकसानभरपाईच्या आशेने ही वाट धरणार असेल तर त्याची निराशा होईल. तुम्हाला अलार्म मिळतो.

‘तक्रार केली तर मालक घर सोडायला लावेल’ ही भीती आपल्या लोकांत मोठी आहे आणि ती निराधार होती असे मी म्हणणार नाही. मात्र २०२५ च्या कायद्यामुळे, कारण न सांगता घर रिकामे करायला लावणारी कलम २१ ची नोटीस १ मे २०२६ पासून इंग्लंडमधील खासगी मालकांना नव्याने देता येत नाही. कायद्यात दिलेले एखादे कारण दाखवावे लागते, आणि ‘याने अलार्म मागितला’ हे त्या कारणांत नाही.

हे नियम कुणाला लागू नाहीत

मालक किंवा त्याच्या घरचे कोणी त्याच घरात राहतात आणि तुम्ही त्यांच्यासोबत स्वयंपाकघर वा बैठकीची खोली वापरता, अशी सोय असेल तर हे नियम लागू होत नाहीत. नव्याने आलेले पुष्कळ विद्यार्थी आणि नोकरदार असेच एखाद्या ओळखीच्या कुटुंबाकडे खोली घेऊन राहतात. तेथे कायद्यापेक्षा सरळ बोलणे कामी येते: ‘काका, जिन्यातला अलार्म वाजत नाहीये, मी नवा आणून लावू का?’ असे विचारल्यावर नाही म्हणणारे काका मला अजून भेटलेले नाहीत. विद्यार्थी वसतिगृहे, होस्टेले आणि सात वर्षे किंवा अधिक मुदतीच्या लीजची घरेही या नियमांबाहेर आहेत.

एकाच घरात एकापेक्षा अधिक कुटुंबांतले लोक राहतात आणि स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामाईक असते, अशा घरांना आणखी कडक नियम लागतात. पाच किंवा अधिक जण असतील तर मालकाला कौन्सिलचा परवाना लागतो, आणि अलार्म चालू ठेवणे ही परवान्याचीच अट असते. अशा घरांत आगीचे अलार्म चांगल्या स्थितीत राखणे हे व्यवस्थापकाचे सततचे कर्तव्य आहे, फक्त पहिल्या दिवसाचे नव्हे. त्याच वेळी आगीपासून बचावाच्या साधनांविषयी त्याने दिलेल्या वाजवी सूचना पाळण्याचे बंधन राहणाऱ्यांवरही आहे. शॉवर कॅपवाली मुले अशाच घरात राहत होती.

एडिनबरा किंवा ग्लासगोला जाणार असाल तर हिशेब वेगळा करा. स्कॉटलंडमध्ये १ फेब्रुवारी २०२२ पासून सगळ्याच घरांत, भाड्याच्या असोत वा स्वतःच्या, बैठकीच्या खोलीत एक स्मोक अलार्म, प्रत्येक बोळात किंवा जिन्याच्या माथ्यावर एक आणि स्वयंपाकघरात हीट अलार्म असावा लागतो, आणि हे सगळे एकमेकांना जोडलेले असावे लागतात. वेल्समध्ये भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावरचा स्मोक अलार्म विजेच्या तारेवरचा आणि एकमेकांना जोडलेला हवा. तेथे नुसता सेलवरचा अलार्म चालत नाही. कार्डिफहून लंडनला आलेल्या माणसाला म्हणूनच येथील नियम ढिले वाटतात, आणि ते तसे आहेतही.

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वाजला तर

येथे विचार करत बसू नये. या वायूला रंग नाही, वास नाही. घरातल्या सगळ्यांचे एकदम डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे असतात आणि घराबाहेर पडल्यावर बरे वाटते. उपकरणे बंद करावीत, दारे-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांना घेऊन बाहेर पडावे आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या चोवीस तास चालणाऱ्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. कुणाला अस्वस्थ वाटत असेल तर ९९९ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. मालकाला ई-मेल हे त्यानंतरचे काम. इंजिनिअरने तपासून हिरवा कंदील देईपर्यंत बॉयलर पुन्हा सुरू करू नये, मग बाहेर कितीही थंडी असो.

घर सोडताना

मालकाचे सगळे अलार्म त्यांच्या जागी आणि चालू असले पाहिजेत. मधल्या काळात तुम्ही स्वतःच्या पैशाने एखादा जादा अलार्म, समजा मुलांच्या खोलीत, लावला असेल तर तो तुमचा आहे आणि तो घेऊन जायला हरकत नाही. फक्त त्याच्या स्क्रूची भोके बुजवून जा. किल्ल्या परत करण्यापूर्वी पुन्हा एकदा झाडू हातात घ्या, प्रत्येक बटण दाबा आणि त्याचा आवाजासकट छोटा व्हिडिओ काढून ठेवा. एजंट आठवड्याभराने ‘वरचा अलार्म बंद होता’ म्हणून अनामतीतून पैसे कापू लागला, तर त्याला तोच व्हिडिओ पाठवता येतो.